वाचक विचारतात : तीन हजार मैलांवरचं सरकार

मागच्या अंकात एका वाचकांना उत्तर देताना मी बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाबद्दल आठ-दहा ओळी लिहिल्या होत्या, की १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री लोकांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा पाण्यात ओतला आणि हे कराच्या विरोधात होतं, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा अख्खा कॉलम ब्रिटनच्या अमेरिकेतल्या त्या तेरा वसाहतींनाच द्यायचं ठरवलं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, जे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, चहा तर उलट स्वस्त झाला होता असं मी वाचलंय. आणि इंग्लंडमधल्या लोकांपेक्षा वसाहतवाल्यांना टॅक्स पण कमीच होता म्हणे. मग तक्रार नक्की कसली होती?

तुमच्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, आणि सगळं इथेच येऊन अडतं म्हणून या प्रश्नाला जास्त जागा देतेय.

मे १७७३ मध्ये पार्लमेंटने टी ॲक्ट केला. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली, लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून, तो खपावा म्हणून कंपनीला सांगितलं की माल थेट अमेरिकेत न्या, तुमचे ठरलेले एजंट नेमा आणि विका, लंडनमध्ये भरलेली जकातही परत मिळेल. त्यामुळे चहा खरंच स्वस्त पडणार होता, हॉलंडकडून चोरून यायचा त्याच्या तोडीस तोड. पण १७६७ मध्ये चहावर बसवलेला पौंडामागे ३ पेन्सचा कर मात्र तसाच राहिला. काच, कागद, रंग, शिसं यांच्यावरचे कर १७७० मध्येच उठवले होते, हा एकच मुद्दाम ठेवला होता, का तर टॅक्स लावायचा हक्क आमचा आहे हे दिसत राहावं. म्हणजे स्वस्तात मिळतोय म्हणून चहा घेतला की तो हक्क पण मान्य केल्यासारखाच, आणि हे लोकांना बरोबर कळत होतं. ज्या व्यापाऱ्यांना एजन्सी मिळाली नाही त्यांच्या आणि चोरटा चहा आणणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता हेही खरंच आहे, ते कशाला लपवायचं, पण नुसत्या स्मगलरांच्या जिवावर एवढं मोठं आंदोलन उभं राहत नाही. शिवाय ही कंपनी कोण आहे हे त्यांना माहीत होतं. बंगालमध्ये १७७० ला जो भयंकर दुष्काळ पडला त्याच्या बातम्या तिकडे पोचल्या होत्या, आणि फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावाने लिहून लोकांना बजावलं होतं की या कंपनीने आशियात माणसांचं काय केलंय ते बघा आणि मग तिला दारात घ्यायचं का ते ठरवा.

आता दुसरी गोष्ट, जी पुस्तकांमध्ये अर्ध्या ओळीत उरकतात, की त्या कराचा पैसा जाणार कुठे होता. १७६७ च्या कायद्यातच लिहिलं होतं की यातून वसाहतींमधल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देता येतील. वरवर बघितलं तर किती साधी गोष्ट आहे. पण तोपर्यंत बहुतेक वसाहतींत गव्हर्नर नेमायचा राजाने आणि त्याचा पगार मंजूर करायचा तिथल्या निवडून आलेल्या असेंब्लीने, अशी पद्धत होती. गव्हर्नर मनमानी करायला लागला की असेंब्ली पगार अडवायची, ही एवढी एकच दोरी लोकांच्या हातात होती. तीच दोरी कापली जाणार होती, आणि ती पण लोकांच्याच पैशाने. म्हणजे मी चहा प्यायचा, माझ्या ३ पेन्समधून गव्हर्नरला पगार मिळायचा, आणि उद्या त्याने माझं ऐकलं नाही तर माझ्याकडे त्याला विचारायची सोयच उरली नाही. मला विचाराल तर ही तक्रार शंभर टक्के खरी होती.

आणि हे एकदम १७७३ ला सुरू झालं नाही. १७६३ ला फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं, ब्रिटन जिंकला पण त्याचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. लंडनचं म्हणणं होतं की युद्ध तुमच्याही रक्षणासाठी झालं, आता तिथे दहा हजार सैनिक ठेवायचेत, त्यातला थोडा खर्च तुम्ही उचला. हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वसाहतवाले म्हणाले की आम्ही पण माणसं दिली, पैसा दिला, आणि आता फ्रेंच कॅनडातून गेले तर सैन्य कोणासाठी ठेवताय? लंडनच्या नजरेतून हे गरज सरो वैद्य मरो असं दिसलं आणि बोस्टनच्या नजरेतून ते सैन्य आपल्याच मानेवर बसवलेलं दिसलं. मग १७६४ ला शुगर ॲक्ट आला, त्यात परदेशी काकवीवरचा कर गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्स केला, म्हणजे कमीच केला, पण आधीचा कर फारसा कोणी भरतच नव्हतं आणि हा नवा खरोखर वसूल होणार होता, आणि जो पकडला जाईल त्याचा खटला ज्युरी नसलेल्या कोर्टात. त्याच वर्षी वसाहतींनी छापलेल्या कागदी नोटांवरही बंधन आणलं, आणि चांदीची नाणी तर तिथे आधीच मिळायची मारामार.

आणि अशा वेळी १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे कागदपत्रांवर शिक्क्याचा कर. तो कागद डोळ्यासमोर आणून बघा. लंडनमध्ये दाबून उठवलेला शिक्का, तिकडनं जहाजाने येणार, आणि विकत घ्यायचा तो खणखणीत ब्रिटिश नाण्यांत. जमिनीचा दस्त, कोर्टातला दावा, जहाजाचे कागद, दारूच्या दुकानाचं लायसन्स, वर्तमानपत्र, कॉलेजची पदवी, अगदी पत्त्यांच्या जोडावर १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर १० शिलिंग. म्हणजे वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले, जे बोलू आणि लिहू शकतात ते सगळे एकाच दिवशी दुखावले. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया जर्नलने ३१ ऑक्टोबर १७६५ चा अंक थडग्याच्या दगडासारखी जाड काळी चौकट टाकून काढला आणि शिक्का जिथे यायचा तिथे कवटी छापली. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा स्टॅम्प विकायला माणूसच शिल्लक नव्हता, जवळजवळ सगळ्यांनी राजीनामे दिले होते, काहींनी मनाने आणि बऱ्याच जणांनी दारात जमलेला जमाव बघून. बोस्टनमध्ये तर ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सचे उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर लोकांनी छपरापर्यंत फोडलं, आणि हा माणूस आतून त्या कायद्याच्या विरोधातच होता. ते वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, खऱ्या तक्रारीच्या नावाने झालं म्हणून ते बरोबर होत नाही.

मार्च १७६६ ला तो कायदा रद्द झाला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसं त्याच दिवशी दुसरा कायदा केला, की वसाहतींसाठी वाट्टेल त्या विषयावर कायदे करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. आनंदाच्या भरात लोकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या दहा वर्षांचं भांडण त्या एका वाक्यात भरून ठेवलेलं होतं.

प्रश्न : मग सरळ पार्लमेंटमध्ये चार-पाच खासदार मागून घ्यायचे होते ना, प्रश्नच मिटला असता.

असं वाटतं खरं, पण त्यांनी ते मागितलंच नाही. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, त्यांच्या ठरावातच आहे की आम्हाला तिथे प्रतिनिधित्व नाही आणि आमची परिस्थिती बघता ते मिळूही शकत नाही. कारण सोपं आहे, निवडून दिलेला माणूस समुद्र ओलांडून दीड-दोन महिन्यांनी लंडनला पोचणार, तिथे शेकडो लोकांत चार-पाच जण, मतदानात हरणार हे ठरलेलं, आणि वर लंडन म्हणणार की आता बोलू नका, तुमचे खासदार होते ना इथे.

ब्रिटिश सरकारचं उत्तर वेगळंच होतं. ते म्हणायचे की प्रत्येक खासदार हा अख्ख्या साम्राज्याचा खासदार असतो, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला तरी कुठे स्वतःचे खासदार आहेत, ते भरतात ना कर. हे खरंच होतं, एवढी मोठी गावं पण खासदार नाही, आणि ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकाडाला मात्र दोन. पण यातून वसाहतवाल्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं. मँचेस्टरवर जो कर बसतो तो त्या खासदाराच्या स्वतःच्या खिशाला पण चाट लावतो. अमेरिकेवर बसवलेला कर त्याला लागतच नाही, उलट तिकडे जेवढा जास्त बसेल तेवढा याच्या डोक्यावरचा भार कमी. मेरीलँडचे डॅनियल ड्युलनी यांनी १७६५ मध्येच हे लॉजिक इतकं स्वच्छ मांडलं होतं की पुढे लंडनला तो मुद्दा रेटणं अवघड गेलं. आणि गंमत म्हणून नाही, आश्चर्य म्हणून सांगते, हे ड्युलनी पुढे स्वातंत्र्याच्या बाजूने गेलेच नाहीत.

प्रश्न : ब्रिटिश सैनिक लोकांच्या घरात जबरदस्तीने राहायचे हे खरं का?

राहत्या घरात घुसवायचा कायदा नव्हता. १७६५ च्या कायद्यात बराकी, खानावळी आणि रिकाम्या इमारती होत्या, आणि सैनिकांना सरपण, मेणबत्त्या, मीठ, व्हिनेगर, बीअर किंवा सायडर हे तिथल्या असेंब्लीने पुरवायचं होतं. न्यूयॉर्कने नीट पुरवलं नाही म्हणून १७६७ ला पार्लमेंटने कायदाच केला की पुरवठा मान्य करेपर्यंत न्यूयॉर्कच्या असेंब्लीने एकही कायदा करायचा नाही. मेणबत्त्यांवरून निवडून आलेली असेंब्लीच बंद करायची धमकी.

प्रश्न : ताई, मोठमोठे कायदे समजले. पण बंदरापासून लांब राहणाऱ्या साध्या शेतकऱ्याला लंडनचं सरकार कुठे टोचत होतं? तो चहाही फार पीत नसेल.

किती चांगला प्रश्न विचारलात. याला झाडाचं उत्तर देते.

न्यू इंग्लंडमध्ये पांढरा पाइन म्हणून झाड आहे, सरळसोट आणि प्रचंड उंच, ब्रिटिश नौदलाला जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी तेच हवं असायचं. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेतच लिहिलेलं होतं की जमिनीपासून फूटभर उंचीवर २४ इंच व्यास असलेली झाडं राजाची, आणि न्यू हॅम्पशरमध्ये तर पुढे ते १२ इंचांवर आणलं. सर्व्हेअर यायचा, कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाची खूण करायचा आणि जायचा. आता विचार करा, शेतकऱ्याने जंगल तोडून शेत करायचंय, घर बांधायला फळ्या हव्यात, आणि त्याच्याच दारातल्या झाडावर तीन घाव आहेत, ते तोडलं तर दंड, आणि ठेवलं तर खाली पीक येत नाही. झाड कदाचित तिथेच उभं राहून कुजेल, न्यायला कोणी येणारही नाही, पण हात लावायचा नाही.

१७७२ च्या एप्रिलमध्ये न्यू हॅम्पशरच्या विअर गावात अशाच झाडांच्या ओंडक्यांवरून एका गिरणीवाल्याला पकडायला शेरीफ आणि त्याचा माणूस आले आणि रात्री खानावळीत थांबले. पहाटे वीसेक गावकरी तोंडाला काजळी फासून आत शिरले आणि दोघांना छडीने झोडपलं, सांगतात की दंड झालेल्या प्रत्येक झाडामागे एक फटका. मग त्यांच्या घोड्यांचे कान कापले, आयाळ आणि शेपट्या भादरल्या आणि त्याच घोड्यांवर बसवून गावाबाहेर काढलं. घोड्यांचं मला फार वाईट वाटतं, त्या मुक्या जिवांनी काय केलं होतं. नंतर खटला झाला आणि त्या लोकांना दंड झाला फक्त २० शिलिंग, म्हणजे स्थानिक कोर्टाचं मन कुठे होतं ते कळतंच.

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. कायदा करणाऱ्याने ते झाड कधी बघितलेलं नाही आणि ज्याचं झाड आहे त्याला कायदा करणारा कधी दिसणार नाही. आणि नुसतं अंतर नाही, वेळ पण. असेंब्लीने केलेला कायदा मंजुरीसाठी लंडनला जायचा, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, नाकारला तर रद्द, आणि काही कायदे तर लंडनचा होकार येईपर्यंत लागूच करायचे नाहीत अशी अट असायची, मग ते तिकडे वर्षानुवर्षं पडून. स्टॅम्प ॲक्ट मार्च १७६६ ला रद्द झाला तर ती बातमी बोस्टनला पोचली मेच्या मध्यावर. दोन महिने लोक एका मेलेल्या कायद्याशी भांडत होते! खासदार एडमंड बर्क यांनी मार्च १७७५ मध्ये पार्लमेंटमध्ये उभं राहून हेच कळकळीने सांगितलं, की तुमच्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये तीन हजार मैलांचा समुद्र आहे, कुठलीही युक्ती केलीत तरी तो समुद्र सरकार कमकुवत करणारच, तेव्हा समजुतीने घ्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या आणि लढाई सुरू झाली.

प्रश्न : पण मग हे सगळे पहिल्यापासून स्वातंत्र्यच मागत होते का? ‘आम्ही राजाचे एकनिष्ठ प्रजाजन’ असं पण लिहायचे म्हणे, ते खोटं होतं?

खोटं नव्हतं. मला हा सगळा इतिहास अर्जांचा इतिहास वाटतो. १७६५ पासून दहा वर्षं हे लोक अर्ज लिहीत होते, आधी पार्लमेंटला, मग राजाला. त्यांची समजूत अशी होती की पार्लमेंट बिघडलंय, मंत्री वाईट आहेत, पण राजा आपला आहे, त्याच्या कानावर गेलं की तो न्याय करेल. म्हणून तर १७७४ ला चहाची शिक्षा म्हणून बोस्टनचं बंदर १ जूनपासून बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून टाकली, गावसभा पण गव्हर्नरच्या परवानगीशिवाय भरवायच्या नाहीत असं ठरवलं, तरीही सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, आधी बहिष्कार ठरवला आणि पुन्हा राजाला अर्ज केला. अगदी लढाई सुरू झाल्यावर सुद्धा, ८ जुलै १७७५ ला, डिकिन्सन यांच्या आग्रहाने अजून एक शेवटचा विनंतीअर्ज सह्या करून पाठवला. राजाने तो हातात घ्यायलाच नकार दिला आणि २३ ऑगस्टला जाहीर केलं की हे लोक बंडखोर आहेत. आणि ते तिकडे कळलं कधी तर नोव्हेंबरात. म्हणजे चार महिने माणसं वाट बघतायत की राजाला पाझर फुटेल, आणि तिकडे केव्हाच दार लावून घेतलंय. वर्षाच्या शेवटी आणखी एक कायदा आला, की वसाहतींशी सगळा व्यापार बंद आणि त्यांची जहाजं शत्रूची समजून पकडायची. आता यानंतर प्रजाजन कसलं म्हणवून घ्यायचं.

बरोबर त्याच वेळी, जानेवारी १७७६ ला, टॉमस पेन यांचं कॉमन सेन्स हे पत्रक आलं. हा माणूस इंग्लंडहून येऊन जेमतेम एक वर्ष झालेलं. त्याने जे मुद्दे मांडले ते वकिली नव्हते, कोणालाही समजतील असे होते. एवढ्याशा बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य करायचं हे निसर्गातच बसत नाही. इंग्लंडची युरोपात ज्याच्याशी भांडणं होतील त्यांच्याशी आपला व्यापार उगीच तुटतो, आपलं त्यांच्याशी काही वैर नसताना. आपण प्रजाजन म्हणवून घेत लढत राहिलो तर दुसऱ्यांच्या नजरेत आपण बंडखोरच, मग फ्रान्स-स्पेन मदत कशाला करतील. आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे त्याने थेट राजालाच हात घातला, की बापानंतर मुलगा राजा हीच मुळात चूक आहे. तोपर्यंत सगळे मंत्र्यांना शिव्या देत होते आणि राजाला सांभाळून घेत होते. ते सांभाळणं तिथे संपलं. ७ जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांनी काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याचा ठराव मांडला, २ जुलैला मतदान झालं आणि ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर. त्यात एकूण २७ तक्रारी आहेत आणि बहुतेक ‘त्याने’ म्हणून सुरू होतात, त्याने म्हणजे राजाने, पार्लमेंटचं तर नाव सुद्धा नाही. तक्रारींच्या शेवटी लिहिलंय की प्रत्येक वेळी आम्ही अत्यंत नम्रपणे अर्ज केला आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून नवीन जखम मिळाली.

दुसऱ्या बाजूचं पण ऐका, कारण त्या लोकांना आपल्याकडे कोणी विचारतच नाही. पेनसिल्व्हेनियाचे जोसेफ गॅलोवे यांनी १७७४ ला मधला मार्ग सुचवला होता, की वसाहतींची एक वेगळी मोठी कौन्सिल करा आणि अमेरिकेच्या कायद्यांना ती आणि पार्लमेंट या दोघांचीही संमती लागेल असं करा. अगदी थोडक्यात पडला तो प्रस्ताव. जे राजाशी एकनिष्ठ राहिले ते सगळे काही श्रीमंत अधिकारी नव्हते, साधे शेतकरी आणि दुकानदार पण होते, त्यांना वाटायचं की आज लंडनच्या मनमानीतून सुटू आणि उद्या गल्लीतल्या समितीच्या मनमानीत पडू. जानेवारी १७७४ मध्ये बोस्टनच्या कडाक्याच्या थंडीत एका कस्टमवाल्याला उघडं करून अंगावर गरम डांबर ओतून पिसं चिकटवून गावभर फिरवला, हे त्यांच्या डोळ्यासमोर होतं. युद्धानंतर जवळजवळ साठ हजार माणसं देश सोडून गेली, त्यातली बरीचशी कॅनडात नोव्हा स्कोशियाला. घरं-शेतं गेली ती गेलीच. आणि डिकिन्सन, ज्यांनी कराच्या विरोधात सगळ्यात जास्त लिहिलं, त्यांनी जाहीरनाम्यावर सहीच केली नाही, अजून वेळ आलेली नाही असं त्यांचं मत होतं, आणि नंतर मात्र ते स्वतः सैन्यात गेले. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या वर्गात वाद झाला. मी म्हटलं की जे लोक स्वतः गुलाम ठेवतात आणि आदिवासींच्या जमिनी घेतात त्यांनी ‘आम्हाला गुलाम केलं’ म्हणून रडायचा हक्कच नाही. मैत्रीण म्हणाली की त्या काळाच्या नजरेने बघ. कोण बरोबर?

तुझा प्रश्न शेवटी ठेवला कारण तो घाईत उरकायचा नव्हता.

आधी ‘त्या काळाच्या नजरेने’ हे घेऊ. त्या काळात हे कोणाला दिसत नव्हतं असं अजिबात नाही. लंडनमध्ये लेखक सॅम्युअल जॉन्सन यांनी १७७५ लाच विचारलं होतं की स्वातंत्र्यासाठी सगळ्यात मोठ्याने ओरडणारे नेमके गुलामांना हाकणारेच कसे काय. तेरा वसाहतींत तेव्हा साधारण पंचवीस लाख माणसं, त्यातला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस गुलाम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात ना, ते इथे अक्षरशः होतं. जाहीरनामा लिहिणारे टॉमस जेफरसन यांनी त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा एक मोठा परिच्छेद लिहिला होता, स्वतः गुलाम बाळगून, आणि काँग्रेसने तो पण काढून टाकला. आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने, लॉर्ड डन्मोरने, जाहीर केलं की बंडखोरांचा जो गुलाम येऊन आमच्या बाजूने लढेल तो मोकळा, तेव्हा शेकडो माणसं जिवावर उदार होऊन त्याच्याकडे पळाली. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य ब्रिटिश झेंड्याखाली होतं. डन्मोरने हे काही दयेने केलं नाही, त्याला सैनिक हवे होते आणि त्याच्या स्वतःकडेही गुलाम होते. पण पळणाऱ्याला काय फरक पडतो?

जमिनीचं पण तसंच. १७६३ च्या ऑक्टोबरमध्ये राजाने अपॅलेशियन डोंगरांची रेघ ठरवली की याच्या पलीकडे वसाहत करायची नाही, ती जमीन मूळ रहिवाशांची. वसाहतवाल्यांच्या तक्रारींमध्ये ही एक मोठी तक्रार होती, आम्ही लढून जिंकलं आणि आम्हालाच बंदी. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७६७ ला आपल्या जमीन मोजणाऱ्या माणसाला पत्र लिहिलंय की ही बंदी म्हणजे इंडियन लोकांना शांत ठेवायची तात्पुरती सोय आहे, तू गुपचूप चांगल्या जमिनी हेरून ठेव. जाहीरनाम्याच्या अगदी शेवटच्या तक्रारीत तर या मूळ लोकांना निर्दय रानटी म्हटलंय. आणि १७८३ ला पॅरिसमध्ये तह झाला तेव्हा ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला, ज्यांचा तो मुलूख होता त्यांच्यापैकी एकही माणूस तिथे बोलावलेला नव्हता. न विचारता आमच्याबद्दल ठरवलं ही ज्यांची तक्रार होती त्यांनीच हे केलं. हे मला माफ करता येत नाही आणि तू पण करू नकोस.

पण ‘त्यांना हक्कच नाही’ इथे मात्र मी तुझ्याबरोबर नाही. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला होता त्यांनी स्वतः काय केलं ते बघ. जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे चहा फेकायच्या अकरा महिने आधी, बोस्टनमधल्या गुलामांनी गव्हर्नरला आणि असेंब्लीला अर्ज दिला, त्यात लिहिलं की आमच्याकडे मालमत्ता नाही, बायका नाहीत, मुलं नाहीत, आम्हाला गाव नाही, देश नाही. एप्रिलमध्ये चार जणांनी पुन्हा लिहिलं, की तुम्हाला गुलाम करायला निघालेल्यांच्या विरोधात तुम्ही इतक्या बाणेदारपणे उभे राहिलात म्हणून तुमच्याकडनं आम्हाला मोठ्या आशा आहेत. तुमचं म्हणणं खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत. तुमचं म्हणणं खरं आहे म्हणूनच आम्हाला पण लागू करा, असं म्हणाले. आणि ज्या असेंब्लीचे अर्ज लंडनमध्ये धूळ खात पडायचे त्या असेंब्लीनेच हे अर्ज बाजूला ठेवले.

जानेवारी १७७७ ला, जाहीरनामा होऊन सहा महिने झाल्यावर, बोस्टनमधले कृष्णवर्णीय प्रिन्स हॉल आणि अजून सात जणांनी मॅसॅच्युसेट्सच्या सरकारला परत एक अर्ज केला. त्यात म्हटलंय की आम्ही अर्जामागून अर्ज करतोय, आणि आम्हाला नवल याचं वाटतं की ब्रिटनशी भांडताना अमेरिकेने जी जी तत्त्वं वापरली त्यातलं एकेक तत्त्व आमच्या बाजूने हजार युक्तिवादांपेक्षा जोरात बोलतंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तोही बाजूला पडला.

तुझ्या वर्गात पुढच्या वेळी वाद झाला तर एलिझाबेथ फ्रीमन यांच्याबद्दल सांग. त्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका घरात गुलाम होत्या, तेव्हा त्यांना सगळे ‘बेट’ या नावाने हाक मारायचे, लिहितावाचता येत नव्हतं. १७८० ला राज्याची नवीन घटना झाली, त्यात होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. हे त्यांच्या कानावर पडलं आणि त्या उठून थेट वकिलाकडे गेल्या, की मी पण माणूसच आहे, मग हा कायदा मला का नाही. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, त्यांना मोकळं केलं आणि मालकाने त्यांना ३० शिलिंग भरपाई द्यावी असं सांगितलं. मालकाने नंतर पगारावर कामाला ये म्हणून विनवलं, त्या गेल्या नाहीत.